इतालियन भाषेंतील तरतमभाव

'तारतम्य' हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां वापरतों; पण तो व्याकरणाच्या घरांतून आलेला आहे हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. संस्कृतांत विशेषणाला 'तर' लावला म्हणजे दोहोंतील अधिक, आणि 'तम' लावला म्हणजे अनेकांतील सर्वाधिक, असा अर्थ होतो. या 'तर' आणि 'तम' यांतील भेद ज्याला कळतो त्याच्या अंगीं तारतम्य आहे, असें आपले पूर्वज म्हणूं लागले. दोन प्रत्ययांचें नांव व्यवहारांतील शहाणपणाला मिळावें, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. पण तिच्यामुळेंच एक शंकाहि उद्भवते. जी भाषा हे प्रत्यय टाकून देते तिची विवेकशक्तिच मंदावली असें समजावें काय? मराठीनें ते टाकले आहेत. आपण 'उंचतर' म्हणत नाहीं, 'रामापेक्षां उंच' म्हणतों. विशेषणाला कसलाहि विकार होत नाहीं. प्राकृत भाषा म्हणजे संस्कृताचा बिघाड असें मानणारा पंडित या ठिकाणीं बोट ठेवून हंसूं शकतो. हीच शंका, जवळजवळ याच शब्दांत, सुमारें सहाशें वर्षांपूर्वीं इटलींतील पंडितांनीं आपल्या मातृभाषेविषयीं घेतली होती. आणि तिचा निकाल लागतां लागतां युरोपांतील लोकभाषांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला. म्हणून इतालियन भाषेंत तुलना कशी करतात, हा वरवर शाळकरी दिसणारा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

लातिन भाषेची रचना या बाबतींत संस्कृतासारखीच होती. 'आल्तुस्' म्हणजे उंच, 'आल्तिओर्' म्हणजे अधिक उंच, आणि 'आल्तिस्सिमुस्' म्हणजे अतिशय किंवा सर्वांत उंच. यांतील 'इओर्' हा प्रत्यय आणि आपल्या 'लघीयस्', 'गरीयस्', 'महीयस्' या शब्दांतील 'ईयस्' हे सख्खे भाऊ आहेत. ज्याच्याहून अधिक असें सांगावयाचें, तो शब्द लातिनांत पंचमींत घालीत; संस्कृतांतहि त्याची पंचमीच होते. बापाहून मुलगा उंच, एवढें सांगण्यास बाप या शब्दाचें एक रूप आणि उंच या शब्दाचें एक रूप, अशीं दोनच रूपें पुरत. दगडाला दगड असा बसवावा कीं मधें चुन्याची गरज भासूं नये, तशी ही बांधणी होती.

परंतु या बांधणीला चीर अगदीं आरंभापासून होती. ज्या विशेषणांच्या शेवटीं 'उस्'च्या आधीं स्वर येई, त्यांना 'इओर्' लावल्यास स्वरांची गर्दी होऊन कानाला तें रूप रुचत नसे. म्हणून 'योग्य' या अर्थाच्या 'इदोनेउस्' शब्दाचें तुलनारूप करतांना उत्तमोत्तम लातिन लेखकहि 'मागिस् इदोनेउस्', म्हणजे 'अधिक योग्य', असें दोन शब्दांत लिहीत. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास नाटकें लिहिणाऱ्या प्लाउतुसच्या पात्रांच्या तोंडीं तर तुलनाप्रत्यय लागलेल्या शब्दालाच आणखी 'मागिस्' जोडलेला आढळतो. रोमच्या बाजारांत लोक कसे बोलत याची ही चाहूल आहे. प्रत्यय आहे, पण त्यावर विश्वास नाहीं. अर्थाला जोर यावा म्हणून वेगळा शब्द हवा. पुढें उच्चारांत शेवटचीं व्यंजनें गळालीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पुसला, आणि द्वितीया व पंचमी कानाला एकच ऐकूं येऊं लागल्या. मग 'बापाहून' आणि 'बापास' यांतील अंतर दाखविण्यास 'दे' हें शब्दयोगी अव्यय पुढें आलें, आणि 'अधिक' दाखविण्यास 'मागिस्' किंवा 'प्लूस्' यांपैकीं एक शब्द.

'मागिस्' आणि 'प्लूस्' यांच्या वांटणीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. 'मागिस्'पासून स्पेनमध्यें 'मास', पोर्तुगालमध्यें 'माइश्' आणि तिकडे दूर पूर्वेस रुमानियांत 'माय' हीं रूपें झालीं. 'प्लूस्'पासून फ्रान्समध्यें 'प्ल्यू' आणि इटलींत 'प्यू'. म्हणजे रोमन साम्राज्याच्या दोन्ही टोंकांना एक शब्द, आणि मधल्या मुलखांत दुसरा. तुरिनचे भाषाशास्त्रज्ञ मात्तेओ बार्तोली (१८७३–१९४६) यांनीं अशा अनेक जोड्यांवरून असा नियम बसविला कीं, दोन टोंकांना जें टिकतें तें जुनें, आणि मध्यभागीं जें दिसतें तें मागाहून तेथें उपजलेलें. तळ्याच्या मध्यावर नवा दगड पडला तरी जुन्या लाटेचें वर्तुळ कांठाशीं हलत असतें, तसें हें आहे. नियम सुंदर आहे, पण तो फार ताणूं नये असें आमचें मत आहे; कारण सार्डिनिया हें सर्वांपासून तुटलेलें बेट, पुष्कळ बाबतींत लातिनाच्या अगदीं जवळ राहिलेलें, आणि तेथें मात्र 'प्रुस्' म्हणजे 'प्लूस्'च आहे. गोमंतकांत १५१० पासून १९६१ पर्यंत जी राजभाषा होती तिच्यांतील 'माइश्' हा शब्द मात्र या दृष्टीनें टोंकाचा, म्हणजे जुन्या लाटेचा.

'प्लूस्'चा 'प्यू' कसा झाला हें सांगण्यास फारसे श्रम नकोत. तोस्काना प्रांतांत शब्दारंभींच्या 'प्ल'चा 'प्य' होतो: 'प्लेनुस्' म्हणजे भरलेला, त्याचा 'प्येनो', 'प्लानुस्' म्हणजे सपाट, त्याचा 'प्यानो'. दक्षिणेंत, नापोलीपासून सिसिलीपर्यंत, त्याच 'प्ल'चा 'क्य' होतो आणि तेथील मनुष्य 'क्यू' म्हणतो.

आतां ज्या वादाचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळूं. १४३५ सालीं पोपचा मुक्काम फ्लोरेन्स येथें असतांना त्याच्या दरबारच्या विद्वानांत असा प्रश्न निघाला कीं, प्राचीन रोममधील सामान्य लोक कोणती भाषा बोलत? लेओनार्दो ब्रूनी म्हणाला, एवढ्या विभक्ति आणि एवढे प्रत्यय दाया आणि मजूर बिनचूक वापरीत असतील हें संभवत नाहीं. लोकांची बोली तेव्हांहि निराळीच असली पाहिजे. फ्लाव्यो ब्योंदो याचें म्हणणें असें कीं, सर्व रोम लातिनच बोलत असे. पुढें परकीयांच्या स्वाऱ्यांनीं ती बिघडली आणि आजची बोली तयार झाली. इतिहासाच्या दृष्टीनें ब्योंदोची बाजू पुष्कळ अंशीं खरी ठरली आहे. पण तिच्यांत 'बिघडली' हा एक विषारी शब्द होता. बोली जर बिघाडच असेल, तर तिच्यांत विद्वानानें लिहावें कशाला?

या शब्दाला उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं. तें व्याकरण लिहूनच द्यावें लागतें. तें काम १४४० च्या सुमारास लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती यानें केलें. हा मनुष्य वास्तुविशारदहि होता. इमारत कशावर उभी आहे हें पाहण्याची त्याच्या डोळ्याला संवय होती. लोकभाषेलाहि लातिनाइतकेच निश्चित नियम आहेत, हें दाखविण्यासाठीं त्यानें तोस्कानाच्या बोलीचें एक लहानसें व्याकरण रचलें. दुर्दैवानें तें हस्तलिखितांतच राहिलें; व्हॅटिकनच्या ग्रंथालयांतील प्रतीवरून तें १९०८ सालीं प्रथम छापून निघालें. म्हणजे ज्या वादासाठीं तें लिहिलें तो मिटून शतकें लोटल्यावर! छापील व्याकरणाचा मान १५१६ सालच्या फोर्तूनिओच्या पुस्तकाला मिळाला, आणि १५२५ सालीं व्हेनिस येथें पिएत्रो बेंबोचा ग्रंथ निघाला, त्यानें पेत्रार्काचें पद्य आणि बोक्काच्योचें गद्य हेंच प्रमाण असा निवाडा दिला. बेंबो स्वतः लातिनाचा निष्णात लेखक. पुढें तो कार्डिनल झाला. अशा मनुष्यानें लोकभाषेला लातिनाच्या पंक्तीस बसविलें, तेव्हां 'बिघाड' हा शब्द आपोआप मागें पडला. मात्र त्याबरोबर दुसरें एक संकट आलें: दोनशें वर्षांपूर्वींच्या लेखकांची भाषा हीच शुद्ध, असें ठरल्यानें जिवंत बोली पुन्हां एकदां अपराधी ठरली. पंडितांचा हा स्वभावच आहे. एका देवाला पदच्युत केलें कीं त्याच देव्हाऱ्यांत ते दुसरा बसवितात.

प्रत्यय गेला असें आम्हीं म्हटलें, पण तो समूळ गेला नाहीं. चार शब्दांत तो आजहि जिवंत आहे: 'मिल्योरे' म्हणजे अधिक चांगला, 'पेज्जोरे' अधिक वाईट, 'माज्जोरे' अधिक मोठा आणि 'मिनोरे' अधिक लहान. हेच चार कां राहिले? कारण चांगलें-वाईट आणि लहान-मोठें यांवांचून कोणाचा एक दिवस जात नाहीं. आणि नित्य वापराच्या भांड्याला गंज चढत नाहीं. चांगला या अर्थाच्या 'ब्वोनो'पासून 'मिल्योरे' कसा होतो, हें विद्यार्थ्याला कोडें पडतें. तसें कोडें पाणिनीलाहि पडलें होतें. 'प्रशस्य' या शब्दाच्या जागीं 'श्र' येतो आणि 'श्रेष्ठ' होतो, असें सांगून त्यानें तें सोडविलें. दोन निरनिराळ्या धातूंचे शब्द एका संसारांत नांदतात, एवढाच याचा अर्थ. 'माज्जोरे' हा आपल्या 'महीयस्'चा भाऊबंद आहे, हें कळल्यावर तरी तो शब्द परका वाटूं नये.

याहून गमतीचा अवशेष म्हणजे 'सिन्योरे'. लातिनांत 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, 'सेनिओर्' म्हणजे वयानें अधिक. वयानें वडील तो मानाचा, मानाचा तो धनी, धनी तो मालक, आणि शेवटीं कोणीहि सभ्य गृहस्थ, अशा पायऱ्यांनीं तो तुलनावाचक शब्द नुसतें संबोधन होऊन बसला. आज इतालियन मनुष्य कोणाला 'सिन्योरे' म्हणतो तेव्हां आपण तुलना करीत आहों हें त्याच्या स्वप्नींहि नसतें. आपल्या कचेऱ्यांतील 'सीनियर' हा तोच शब्द. वेदांत 'सन' म्हणजे जुना आणि 'सन्यस्' म्हणजे अधिक जुना, तेंहि याच कुळांतलें. मराठींत याला तोड 'शेट' या शब्दाची आहे. 'श्रेष्ठ' हें मूळ सर्वाधिकतादर्शक रूप. त्यापासून 'श्रेष्ठिन्', पालि-प्राकृतांत 'सेट्ठि', आणि आपला 'शेट'. युरोपांत 'अधिक वडील' तो मालक झाला, आपल्याकडे 'सर्वांत उत्तम' तो सावकार झाला. यांत समाजाच्या कल्पनांचा फरक शोधावयाचा असल्यास ज्यानें त्यानें शोधावा.

इतालियन शिकणाराला खरा घाम फुटतो तो 'प्यू'पाशीं नव्हे, त्याच्या पुढील अव्ययापाशीं. 'पेक्षां' या अर्थीं तेथें दोन शब्द आहेत, 'दि' आणि 'के'. दोन वस्तु किंवा दोन माणसें एकाच गुणानें मोजावयाचीं असतील तर 'दि': पाओलोहून मारिया उंच. पण एकाच माणसाचे दोन गुण मोजावयाचे असतील तर 'के': तो हुषार असण्यापेक्षां लबाड अधिक. दोन क्रिया, दोन परिमाणें, दोन ठिकाणें यांची तुलना असली तरी 'के'च. शाळेच्या पुस्तकांत हा नियम यादीसारखा पाठ करवितात. परंतु इतिहास पाहिला तर पाठ करण्यासारखें त्यांत कांहीं उरत नाहीं. 'दि' हा लातिन पंचमीचा वारस. पंचमी म्हणजे एक ठिकाण सोडून निघणें. पाओलोच्या डोक्यापासून माप धरलें तर मारिया वर जाते. आपला 'हून' नेमका हाच आहे. 'घराहून निघाला' आणि 'घराहून मोठा' यांत एकच प्रत्यय आहे. 'के' हा लातिन 'क्वाम्'चा वारस. त्याचें काम निघण्याचें नाहीं, दोन तराजू शेजारीं शेजारीं धरण्याचें आहे. म्हणून जेथें एक स्थिर बिंदु नाहीं आणि दोन सारख्या अंगांचे शब्द समोरासमोर आहेत, तेथें 'के' येतो. आपला 'पेक्षां' हा 'अपेक्षा' शब्दाचा अपभ्रंश, म्हणजे 'कडे पाहतां'. तो 'के'च्या बाजूचा. दोन्ही कामें तोच करूं लागल्यामुळें 'हून' आतां बहुधा काव्यांत आणि जुन्या वळणाच्या बोलण्यांत राहिला आहे, याची आम्हांस हळहळ वाटते.

तुलनेच्या वाक्यांत इतालियन लोक कधीं कधीं एक निरर्थक दिसणारा नकार घालतात. 'मला वाटलें त्यापेक्षां तो श्रीमंत आहे' हें सांगतांना 'मला न वाटलें त्यापेक्षां' असें म्हणतात. तर्कशास्त्राला हा प्रकार पटत नाहीं, पण मराठी मनुष्याला त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. 'वाटलें नव्हतें इतका श्रीमंत निघाला' असें आपणहि म्हणतोंच.

आतां तिसरी पायरी, 'इस्सिमो'ची. तिची कथा सर्वांत निराळी. लोकांच्या तोंडीं लातिन 'इस्सिमुस्' जवळजवळ मेला होता. तो जर तोंडोतोंडीं चालत आला असता तर त्यांतील ऱ्हस्व इकाराचा, इतालियन भाषेच्या नियमाप्रमाणें, एकार होऊन 'एस्सिमो' व्हावयास हवा होता. तसा तो झालेला नाहीं. यावरून ओळखावें कीं हा प्रत्यय पोथींतून उचलून पुन्हां बसविलेला आहे. दान्तेनें आपल्या तारुण्यांतील 'वीता नूओव्हा' या गद्यपद्य ग्रंथांत बेआत्रीचेला वारंवार 'जेंतिलीस्सिमा' म्हटलें आहे. 'दिव्य काव्यां'त मात्र हीं रूपें त्या मानानें विरळा आहेत. बेंबोच्या शतकांत लातिनाचा अभ्यास वाढला तसा 'इस्सिमो'चा पूर आला. पत्रांचे मायने त्यानें भरून गेले. व्हेनिसचें गणराज्य 'सेरेनीस्सिमा' म्हणविलें. सरदार 'इल्लुस्त्रीस्सिमो', धर्माधिकारी 'रेव्हेरेंदीस्सिमो'. विद्यापीठांतील प्राध्यापकाला लिहितांना 'क्यारीस्सिमो', म्हणजे अतिविख्यात, असें संबोधन औपचारिक पत्रांत अजूनहि घालतात. आम्ही प्राध्यापक असल्यामुळें ही चाल अगदींच वाईट आहे असें म्हणणार नाहीं. आपल्याकडील 'सकलगुणालंकरण अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' या मायन्याची ज्यांना आठवण आहे त्यांना तिचें मर्म सहज कळेल.

परंतु पोथींतून आलेल्या या पाहुण्याला घरांत काम मात्र वेगळें मिळालें. लातिनांत 'आल्तिस्सिमुस्' म्हणजे 'अतिशय उंच' आणि 'सर्वांत उंच' हे दोन्ही अर्थ होते. इतालियन भाषेनें ते वेगळे केले. 'आल्तीस्सिमो' म्हणजे नुसता अतिशय उंच, कोणाशींहि तुलना नाहीं. 'सर्वांत उंच' म्हणावयाचें तर 'प्यू'च्या आधीं निश्चयदर्शक उपपद लावून 'इल् प्यू आल्तो' म्हणावयाचें, म्हणजे शब्दशः 'तो अधिक उंच'. अधिक उंच असे पुष्कळ असतील, पण 'तो' म्हटला कीं एकच उरतो. जी भाषा बिघडली म्हणून हिणविली गेली तिनें मूळ भाषेंत संदिग्ध असलेला भेद स्पष्ट केला. ब्योंदोच्या 'बिघाडा'ला याहून चोख उत्तर आम्हांस दिसत नाहीं. संस्कृतांतून 'उच्चतम', 'महत्तम' असे शब्द मराठींत आणतांना आपणहि त्यांना असें एखादें स्वतंत्र काम देतों काय, कीं ते केवळ भरजरी शेल्यासारखे खांद्यावर टाकतों, याचा विचार आपल्या लेखकांनीं करावा. 'सर्वांत श्रेष्ठतम' लिहिणारांची संख्या पाहतां उत्तर फारसें आशादायक नाहीं. पण इटलींतील शाळामास्तरहि 'प्यू मिल्योरे' लिहिणाऱ्या मुलांना रागें भरतच असतो.

या सर्व वादाच्या ऐन रंगांत एक फ्लोरेन्सचा मनुष्य आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिला होता. त्याचें नांव फिलिप्पो सास्सेत्ती (१५४०–१५८८). तो फ्लोरेन्सच्या विद्वन्मंडळांत वावरलेला, पण पोटासाठीं मिऱ्यांच्या व्यापारांत पडलेला. १५८३ सालीं तो लिस्बनहून निघून कोचीनला पोंचला. त्याच वर्षीं फ्लोरेन्समध्यें 'क्रूस्का', म्हणजे कोंडा, असें विनोदी नांव घेतलेली अकादमी स्थापन झाली. भाषेचें पीठ चाळून कोंडा टाकावयाचा, ही तिची प्रतिज्ञा, आणि १६१२ सालीं तिचा कोश निघाला. सास्सेत्ती इकडे पंडितांना संस्कृताविषयीं विचारीत होता. मायदेशीं धाडलेल्या पत्रांत त्यानें लिहून ठेविलें कीं, या भाषेंत आणि आपल्या भाषेंत पुष्कळ शब्द समान आहेत: सहा, सात, आठ, नऊ हे अंक, तसेच देव आणि सर्प. 'सप्त' आणि 'सेत्ते', 'नव' आणि 'नोव्हे', 'देव' आणि 'दीओ', 'सर्प' आणि 'सेर्पे'! सर विल्यम जोन्स यांचें कलकत्त्याचें प्रसिद्ध व्याख्यान १७८६ सालचें. हें पत्र त्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें लिहिलेलें. पण शब्दांचें साम्य दिसलें तरी प्रत्ययांचें साम्य दिसण्यास व्याकरण समोर उलगडून ठेवावें लागतें, आणि तेवढा अवधि त्याला मिळाला नाहीं. १५८८ सालीं गोव्यांत त्याला मरण आलें. 'ईयस्' आणि 'इओर्' यांची गांठ घालून देण्याचें काम एकोणिसाव्या शतकांत फ्रान्झ बोप आणि त्याच्या अनुयायांच्या वांट्यास आलें.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती कोणत्याहि व्याकरणाच्या नियमांत नीट बसत नाहीं. इतालियन मनुष्याला फार जोर द्यावयाचा असला कीं तो 'इस्सिमो'हि सोडतो. हळू जावयाचें तर 'प्यानो प्यानो', जसें आपलें 'हळू हळू'. पावसांत भिजलेला 'बान्यातो फ्रादिचो', म्हणजे भिजून कुजलेला. दमलेला 'स्तांको मोर्तो', म्हणजे दमून मेलेला. भरलेला 'प्येनो झेप्पो'. प्रत्येक विशेषणाचा जोडीदार ठरलेला आहे, आणि तो बदलून चालत नाहीं. आपला मनुष्य ओलाचिंब होतो, रात्र काळीकुट्ट असते, शेत हिरवेंगार, आणि औषध कडूजहर. चिंब हा शब्द ओल्यालाच कां, आणि कुट्ट काळ्यालाच कां, हें मुलाला कोणी शिकवीत नाहीं. आणि तरीहि आमच्या पाहण्यांत 'काळागार' किंवा 'हिरवाकुट्ट' म्हणणारें मूल अद्याप आलेलें नाहीं.